दुपट्ट्याखालचा भाव

सरकार खालपुऱ्यातली घरं विकत घेणार ही बातमी वडाळखेडात आली, तेव्हा पंजाबराव एका गोऱ्ह्याच्या तोंडात हात घालून त्याचे दात पाहत होते. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून चपराशी घसा ताणून ओरडत होता. पूर्णेच्या पुराचं पाणी ज्या ज्या घरात शिरलं ते ते घर शासन घेणार, भाव सगळ्यांना एकच, शिवाय वर टेकडावर घर बांधायला जागा. पंजाबरावांनी गोऱ्ह्याच्या तोंडातून हात काढला, खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसला आणि म्हणाले, "फसवनूक हाय."

"काहून गा, पंजाबभाऊ?" टपरीवाल्या किसनरावानं चहा गाळता गाळता विचारलं.

"अबे, खरा भाव कोनी भोंग्यावर सांगते काय?"

झालं! खालपुऱ्याचा निकाल तिथंच लागला. खालपुरा म्हणजे गावाची नदीकडची बाजू. निम्मी मातीची, निम्मी विटांची घरं, आणि प्रत्येक भिंतीवर गेल्या पावसाळ्यातल्या पुराची पिवळी रेघ. तिथं पंजाबराव बोलले म्हणजे विषय संपला. कारण या माणसाला आजवर कोणी फसवलं नव्हतं. बार्शीटाकळीपासून पार परतवाड्यापर्यंतच्या बैलबाजारात त्यांनी अख्खं आयुष्य दलाली केली. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, तेल चोपडून कोणी त्याला तरणा म्हणून उभा केला, तर पंजाबराव नुसते त्याच्या मागून एक चक्कर मारत आणि मालकाकडे बघून हसत. मालक बिचारा स्वतःच दोरी सोडायचा!

आणि सौदा कसा? तोंडानं नाही, बाप्पा. बैलबाजारात तोंडानं भाव बोलणारा एक तर नवखा असतो, नाही तर लबाड. दलालानं खांद्यावरचा दुपट्टा काढायचा, घेणाऱ्याच्या हातावर टाकायचा आणि त्याच्या आड आपला हात घालायचा. मग बोटं बोलतात. हे बोट दाबलं की इतके, ती दोन्ही धरली की तितके, तळव्यावर टिचकी मारली की अर्धे. वर दोघंही आभाळाकडे बघत पाऊसपाण्याच्या गोष्टी करतात, खाली घमासान चाललेलं असतं. भोवती शंभर माणूस उभा असला तरी कोणाला काही कळत नाही. आणि सौदा पटला तरी दुपट्ट्याखालचा भाव बाहेर सांगायचा नाही, हा बाजाराचा नेम. पंजाबरावांनी तो कधी मोडला नाही. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही, आणि तिनंही कधी विचारलं नाही.

अशा माणसाला चपराशी भोंग्यावरून भाव सांगतो! राग येणार नाही तर काय?

पण रुख्मिणीबाईला राग आला तो नवऱ्याचा. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, भाकरी थापता थापता ती म्हणाली, "इकून टाका."

"काय?"

"घर. इकून टाका अन् वर चाला."

"अवं, तुले काय कळते त्याच्यातलं? हे लोक आपल्याले हाकलून इथी हॉटेल बांधतीन. रेतीवाल्याईले काठ देतीन. असा फुकटाचा उपकार सरकार कदी करत असते काय?"

रुख्मिणीबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुमी पलीकडच्या काठावर होते," ती म्हणाली, "मी टिनावर होती."

ते खरं होतं. गेल्या पावसाळ्यात ते परतवाड्याच्या बाजाराला गेले असताना पूर्णा चढली. परत आले तो पुलावरून पाणी. पलीकडच्या काठावर उभं राहून त्यांनी आपलं घर पाहिलं. भिंती दिसत नव्हत्या, नुसतं टिनाचं छप्पर, आणि त्यावर रुख्मिणी, एका हातात कडुलिंबाची फांदी आणि दुसऱ्या काखेत शेळी. ते ओरडले. आयुष्यभर बाजार गाजवलेला आवाज, पण नदीच्या आवाजात तो त्यांच्याच कानापर्यंत पोचला नाही. संध्याकाळी बोट आली आणि तिला उतरवून घेऊन गेली. तोवर पंजाबराव तिथंच उभे होते. त्या दिवसाचं ते कोणाजवळ बोलले नाहीत. इतकी भीती त्यांना जन्मात कधी वाटली नव्हती आणि भीती वाटली हे सांगायची त्यांना सवय नव्हती.

रुख्मिणीबाईनं भाकरी टोपल्यात टाकली, हात धुतले आणि पिशवी भरली. "मी बार्शीटाकळीले चालली, उत्तमच्या घरी. घराचा सौदा झाला तं न्यायले या. नाई तं येऊ नका. आनखी एक पावसाळा मी या घरात काढत नाई."

उत्तमराव म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ती गेली. शेळीसुद्धा शेजारच्या कौशल्येकडे बांधून गेली, म्हणजे बघा! पंजाबराव दारात उभे राहून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले, आणि मग त्यांच्या अंगात एकदम वीज संचारली. सौदा पाहिजे ना? मग सौदा करू! पण असा भोंग्यावरचा नाही. पंजाबराव करतो तसा!

बातमी अर्ध्या तासात खालपुऱ्यात फिरली. पंजाबभाऊ सरकारशी सौदा करणार! अरे, काय तो जोर चढला लोकांना! जे काल फसवणूक म्हणत होते तेच आज छाती काढून फिरू लागले. किसनरावानं सांगून टाकलं की सरकारला अजून पंजाबभाऊ भेटला नाही म्हणून सरकारचं चाललं होतं. कौशल्या, जी भाजीच्या पाट्या घेऊन रोज अकोल्याला जायची आणि वांग्याचं देठ मोडून पाहिल्याशिवाय सख्ख्या बहिणीकडूनही वांगं घ्यायची नाही, तीसुद्धा म्हणाली, "करा बाप्पा काई तं. पन सगळ्याईचं पाहा. आपलंच नोका पाहू."

पुनर्वसनाचं काम पाहणाऱ्या बाई अमरावतीहून आल्या. प्राजक्ता मॅडम. वय लहान, डोक्याला रुमाल, पायात धुळीनं माखलेले बूट. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर त्या बसल्या आणि अख्खा खालपुरा भोवती गोळा झाला. त्या एक अट सांगू लागल्या. घरं घेतली तर सगळी घ्यायची, कारण अर्धी वस्ती पुरात ठेवून चालत नाही. कोणी मागं राहिलं तर योजना दुसऱ्या गावाला जाईल.

पंजाबरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "मॅडम, हे बोलाचं नसते. हात द्या."

"हात?"

खांद्यावरचा दुपट्टा सर्रकन खाली आला. पंजाबराव एक पाऊल पुढे सरकले आणि अडले. बाईमाणसाचा हात! आजवर हजार हात धरले, पण सगळे राठ, शेणामातीचे. बाजारात बाई कुठं असते? त्यांचा हात हवेतच राहिला.

"धरा ना आता!" कौशल्या मागून ओरडली. "नातीएवढी तं हाय!"

लोक हसले. मॅडमही हसल्या. "काका, मला हे येत नाही," त्या म्हणाल्या, "पण शिकवा. माझ्याकडे वेळ आहे."

पंजाबरावांनी त्यांच्या हातावर दुपट्टा टाकला आणि कोणत्या बोटाचा भाव काय ते कानात सांगितलं. मग तोंड आभाळाकडे केलं. "औंदा ऊन लय हाय," ते मोठ्यानं म्हणाले.

"हो ना," मॅडम म्हणाल्या.

खाली बोटं चालू झाली. मॅडमनी भोंग्यावरचा भाव दाबला. पंजाबरावांनी एक बोट वाढवलं. मॅडमनी पुन्हा तोच दाबला. पंजाबरावांनी हात झटकल्यासारखा केला. ही त्यांची हातखंडा युक्ती होती. दलाल उठून चालला असं वाटलं की भले भले घाबरून वाढवतात. मॅडमनी वाट पाहिली आणि पुन्हा तोच. मग दोन्ही बोटं दाबली, टिचकी मारली, पाऊसपाणी झालं, कपाशी झाली, मोझरीच्या यात्रेचं विचारून झालं, पंजाबरावांच्या कपाळावर घाम आला, आणि त्या कोवळ्या बोटांनी पुन्हा तोच, तोच भाव दाबला. शेवटी मॅडम त्यांच्या जवळ वाकून हळूच म्हणाल्या, "काका, तुम्हाला वाढवून दिलं तर त्या पलीकडच्या घराला मी काय सांगू?"

पंजाबरावांनी दुपट्टा उचलला.

"किती? किती झालं?" सगळे एकदम.

काय सांगणार? एक बोटही वाढलं नाही म्हणून? पंजाबरावाकडून? त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "दुपट्ट्याखालचा भाव भायेर सांगत नसते. बाजाराचा नेम हाय. तुमी फक्त हो म्हना."

आणि ते ऐटीत घरी गेले. घात झाला तो इथंच.

दुपारपर्यंत लोक खूश होते. संध्याकाळी कोणीतरी म्हणालं की सांगायला काय हरकत होती? दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं की त्याच्या एकट्याचा भाव वाढला असेल. तिसऱ्यानं हिशेब जुळवून टाकला, बायको आधीच का पाठवून दिली? त्याला ठाऊक होतं, वरचं पक्कं घर त्यालाच मिळणार! आग लागल्यासारखी गोष्ट पसरली. पंजाबराव किसनरावाच्या टपरीवर जाऊन बसले तर चाललेलं बोलणं थांबलं. ज्या गोऱ्ह्याचे दात त्यांनी पाहिले होते त्याचा मालक गोऱ्हा घेऊन त्यांच्या दारावरून सरळ पुढं निघून गेला, तेसुद्धा पंजाबरावांच्या नमस्काराला मान न हलवता. कौशल्येनं शेळी आणून त्यांच्या खुंट्याला बांधली. "तुमची तुमी सांभाळा," ती म्हणाली, "आमी गरीब मानसं."

पंजाबराव शेळीसमोर बसून राहिले. सगळ्या जन्मात त्यांनी जगावर संशय घेतला होता. बैलावर, मालकावर, सरकारवर, भोंग्यावर. त्यांच्यावर कोणी घेईल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ते किती झोंबतं हे त्यांना आता कळलं. 

त्यातच उत्तमरावाचा फोन. "भाऊजी, ताई इचारून राहिली, सौदा झाला काय?"

"सांग, होऊन राहिला," पंजाबराव म्हणाले आणि फोन ठेवून डोळे पुसले.

ग्रामसभा भरली. शेवटचीच. मॅडमनी आधीच निरोप पाठवला होता की आज सगळा खालपुरा हो म्हणाला तर काम सुरू, नाही तर त्यांना पुढच्या गावाला जावं लागेल. मारुतीच्या देवळापुढं मांडव घातला होता आणि उन्हानं मांडवाखालीही कढईत बसल्यासारखं वाटत होतं. मॅडम दोन वाक्यं बोलल्या असतील नसतील, तोच गोंधळ सुरू झाला. हॉटेल कोणाचं? रेतीचा ठेका कोणाला? नदीचा काठ कोण्या पुढाऱ्याच्या नावावर चढला? आणि मग कौशल्या कमरेला पदर खोचून उभी राहिली.

"त्या मॅडमले काय इचारता? पंजाबभाऊले इचारा ना! त्याईले किती भेटले ते इचारा!"

सगळ्यांच्या माना पंजाबरावांकडे वळल्या. इतकी माणसं आपल्याकडे बघत असताना पंजाबरावांना नेहमी मजा यायची. आज आली नाही. पण ते उठले. चालत मॅडमसमोर गेले. खांद्यावरचा दुपट्टा काढला.

"पाहा, पुन्हा झाकून राहिला!" कोणीतरी ओरडलं.

पंजाबरावांनी दुपट्ट्याचा बोळा केला आणि थेट किसनरावाच्या अंगावर फेकला. "धर बे!"

मग त्यांनी आपला उघडा हात समोर केला. "मॅडम, हात द्या. इथीच. सगळ्याईपुढं."

लोक उठून उभे राहिले. मागचे पुढं रेटू लागले, पोरं खांबावर चढली. बैलबाजारचा दलाल उघड्यावर हात धरतो, असं कोणी पाहिलं होतं? मॅडमनी हात दिला. पंजाबरावांनी तो डोक्याच्या वर उचलला, सगळ्यांना दिसेल असा.

"हा त्याईनं भोंग्यावर सांगतलेला भाव," त्यांनी मॅडमची बोटं धरून दाखवली. "अन् हा म्या मांगतला. दाबा मॅडम, तुमचा जवाब दाबा!" मॅडमनी दाबला. "पाह्यलं? तोच! म्या वाढवला, त्याईनं तोच देला. म्या हात झटकला, तरी तोच. त्या दिवशी म्या घामाघूम झालो, पन या पोरीनं एक बोट हलू देलं नाई. हे घ्या तुमचा दुपट्ट्याखालचा भाव! एकही बोट वाढलं नाई. जो तुमाले, तोच मले. मले लाज वाटली म्हनून मी मुका राह्यलो. बस, हेच माहं पाप!"

आवाज चिरकला होता.

मग कौशल्याच म्हणाली, "मंग तं फसवनूकच झाली ना? तुमच्यानंही भाव वाढला नाई!"

"अवं!" पंजाबराव गर्रकन वळले, आणि आता त्यांच्या आवाजात पुन्हा तो बाजारातला दम आला. "जनम गेला माहा या धंद्यात. जो फसवनारा असते ना, तो पयल्या झटक्यात बोट वाढवते! ज्याले पैसे द्याचेच नसते त्याले वाढवाले काय जाते? अशा लबाडाईचे म्या किती हात धरले. मऊ असते, लगेच सरकते. हा हात सरकला नाई. म्हनून म्या इस्वास ठेवला. मले हे त्याच दिवशी समजलं होतं, पन सांगाची हिंमत नोती."

"अन् काठावर हॉटेल बांधलं तं?" कौशल्या काही सोडायला तयार नव्हती. अशी बाई गावात पाहिजेच.

"तिथं कोणालाच बांधता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "ती जागा ग्रामपंचायतीची, गुरं चारायला. तसा ठराव आज इथंच करायचा आहे."

"ठराव करा," पंजाबराव म्हणाले, "अन् भोंग्यावर सांगा! सात गावाले ऐकू जाऊ द्या!"

हसू फुटलं. पहिल्यांदाच. पण पंजाबराव हसत नव्हते. मॅडमचा हात त्यांनी सोडला होता आणि ते खालपुऱ्याकडे, आपल्या टिनाच्या छपराकडे बघत होते.

"माही बायको त्या टिनावर होती," ते हळू म्हणाले, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "मी तिकडच्या काठावर. म्या दिवसभर पाह्यलं. काईच करू शकलो नाई. मले लय भेव वाटलं, बाप्पा. तुमच्यापैकी कोन कुठी होतं त्या दिवशी ते तुमाले ठावं. मी आता इथी राहत नाई. मले भाव नाई पाह्यजे, मले ते बाई पाह्यजे."

कौशल्येनं पदराचं टोक डोळ्याला लावलं. तिचा नातू त्या पुराच्या रात्री ग्रामपंचायतीच्या गच्चीवर तापानं फणफणत होता, तेव्हा बोटीतून तिथं आलेल्या रुख्मिणीबाईनं त्याच्या डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या. तिनं नाक ओढलं, हात वर केला आणि तितक्याच कडक आवाजात म्हणाली, "लिवा माहं नाव. अन् पुढच्या वख्ताले भाव उघडाच सांगत जा!"

मग किसनरावाचा हात वर गेला, त्यातच पंजाबरावांचा दुपट्टा होता. मग त्याच्या मागचा. मग बायकांच्या बाजूचे सगळे. गोऱ्हावाला सगळ्यात शेवटी उठला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. आणि चपराशी? तो पळतच भोंग्याकडे गेला!

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं पंजाबराव बार्शीटाकळीला निघाले. धोतर परीटघडीचं, खांद्यावर तोच दुपट्टा, किसनरावानं घडी करून परत दिलेला. एसटीत शेजारच्या अनोळखी माणसालाही त्यांनी सगळी कथा ऐकवली, दोनदा. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता ऐकली ती वेगळीच.

उत्तमरावाच्या ओसरीवर रुख्मिणीबाई सुपात तूर पाखडत बसली होती. भाऊ होता, भावजय होती, शेजारच्या दोघी बाया होत्या. तिनं मान वर केली, पण सूप थांबवलं नाही.

"झाला सौदा?"

"झाला."

"किती बोटं वाढवून आनली?"

जन्मात पहिल्यांदा तिनं भाव विचारला होता. पंजाबराव तिच्यासमोर बसले. तोंडानं सांगायची हिंमत होईना, म्हणून हाताला जे सवयीचं होतं तेच त्यांनी केलं. दुपट्टा काढला, आपल्या हातावर टाकला आणि तो हात तिच्यापुढं धरला. ओसरीवरचे सगळे बघत होते.

रुख्मिणीबाईनं सूप खाली ठेवलं. दुपट्ट्याचं टोक धरलं आणि तो ओढून बाजूला टाकला. मग भावासमोर, भावजयीसमोर, शेजारणींसमोर तिनं नवऱ्याचा उघडा हात आपल्या हातात घट्ट धरला. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर धरला असेल तेवढाच, त्यानंतर असा चारचौघात कधीच नाही.

"एकही नाई वाढलं," ते म्हणाले.

"मले ठावं हाय, कौशल्येचा फोन आलता," ती म्हणाली. "आता उठा, वापस जानारी गाडी सुटंल. अन् शेळीले चारा टाकून आले काय?"